अमेरिकी इतिहासातील सनावळी कशी लक्षात राहील?

प्रश्न: सदाशिव पेठेतील माझ्या शिकवणीत मुले १७७६ (स्वातंत्र्याची घोषणा) आणि १७८७ (राज्यघटनेचा मसुदा) यांची सर्रास अदलाबदल करतात. घोकंपट्टीवाचून काही उपाय आहे का?

उत्तर १: सनाला इथला खुंटा द्यावा. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पाण्यात फेकला गेला, हे ऐकल्यावर माझा एकही विद्यार्थी ते साल विसरलेला नाही. पानिपत १७६१, अमेरिकेतले यादवी युद्ध बरोबर शंभर वर्षांनी.

उत्तर २: युक्ती छान, पण तिने मूळ घोळ सुटत नाही. आधी स्वातंत्र्याची घोषणा, १७८३ मध्ये ब्रिटनची मान्यता, मग राज्यघटनेचा मसुदा, हा क्रम आपल्या १९४७ आणि १९५० शेजारी फळ्यावर मांडावा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, उद्याच फळा आखते.