नॅनो-हळद: गुठळ्यांवरचं औषध की नुसताच गाजावाजा?

कोरफड७: हळदीतलं कर्क्युमिन प्लेटलेट्सना (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलंय. घोडं अडतं पोटात. ते पाण्यात विरघळत नाही, आणि शोषलं जातं तेवढ्याची आतडं नि यकृत लगेच वासलात लावतात. मेदाच्या नॅनोकणांत भरलं तर काही भाग लसिकेच्या (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या द्रववाहिन्यांच्या) वाटेने यकृताला वळसा घालून जाऊ शकतो. संशोधनाचा पैसा इथे लागला पाहिजे.

खलबत्ता: शोषण वाढलं की झालं औषध? १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर जैवउपलब्धता (रक्तात पोचणारं प्रमाण) २००० टक्क्यांनी वाढली. गुठळीवरची गोळी कुठाय? शिवाय अनेक चाचण्यांत रक्ताच्या नमुन्यात आधी विकर (एन्झाइम) घालून शरीराने कर्क्युमिनला जोडलेलं ग्लुकुरोनाइड तोडतात, मग कर्क्युमिन मोजतात. म्हणजे शरीराने बांधून बाहेर काढायला ठेवलेला मालही हिशेबात! मोकळं किती, ते विचारा.

कोरफड७: मोजमापाचं मान्य. पण रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीचं मूळही वनस्पतीतच ना? अमेरिकेत कुजलेला स्वीट क्लोव्हर हा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातून रक्त गोठू न देणारं डायकुमरॉल वेगळं काढलं. त्याच्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ला उंदीर मारायला आलं, १९५४ला माणसांसाठी.

खलबत्ता: उदाहरण माझ्याच पथ्यावर पडलं की! वॉरफरिन तोंडावाटे जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. त्याचा छळ नेमकी मात्रा साधण्याचा आहे.

साताऱ्याची_सून: तो छळ आम्ही रोज बघतो. सासऱ्यांना हृदयात धातूची झडप बसवलीय, त्यामुळे गुठळीवरच्या रिव्हारॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत, वॉरफरिनच लागतं. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. पालकातलं के जीवनसत्त्व वॉरफरिनचा असर कमी करतं, म्हणून पालक केला की आधी 'किती वाटी?' असा खल. शेजारचे काका नॅनो-कर्क्युमिनची डबी घेऊन आलेत. देऊ का?

खलबत्ता: अजिबात नको. न्यूझीलंडच्या मेडसेफ या औषध नियंत्रक संस्थेने २०१८मध्ये एक केस जाहीर केली: वॉरफरिनवर स्थिर असलेल्या रुग्णाने हळदीचं पूरक सुरू केलं, काही आठवड्यांत आयएनआर १०च्या वर, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. साधारण २ ते ३ हवा असतो, झडपेला कधी जरा जास्त. आमटीतल्या हळदीबद्दल म्हणत नाहीये. डबी डॉक्टरांना दाखवा.

कोरफड७: सूनबाई, डबी नको, हे माझंही मत. पण बघा, हळदीत दम आहे हे तुम्हीच सांगितलंत!

खलबत्ता: एका केसवरून? आणि तो दम यकृतातलं वॉरफरिन मोडणारं विकर अडवण्याचाही असू शकतो. मग कण जितका सरस, तितका घोळ मोठा. चाचण्या घ्या, जरूर घ्या, पण औषध म्हणून, सोबतच्या गोळ्यांसकट. 'पूरक आहार' असं लेबल लावून आधी विकायचं नि मग बघायचं, हे कशाला?