अध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा असं आमची पट्टण पंचायत (कर्नाटकातली नगरपंचायत) ठरवू शकते काय?

वेदगंगाकाठ:
राम राम मंडळी. आमचं गाव कर्नाटकात, निपाणीकडचं, नाव सांगत नाही, नाहीतर उद्या चहाच्या गाड्यावर धरतील. बहीण महाराष्ट्रात कागलला दिलीय, तिनं 2025 च्या डिसेंबरात तीन बटणं दाबली, दोन प्रभागातल्या नगरसेवकांची आणि एक सरळ नगराध्यक्षाचं. आणि इकडं आपण एक बटण दाबायचं आणि घरी यायचं, मग मेंबर लोक सहलीला जाणार आणि परत येईस्तोवर अध्यक्ष ठरलेला. भाचा अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडं लहान गावाचं पण स्वतःचं चार्टर असतं, गावाची घटनाच म्हणा की, बऱ्याच ठिकाणी लोक मतदान करून ती बदलतात. आपल्या पंचायतीनं ठराव करून गावापुरता नियम बदलला तर?

कोर्ट रोड:
ठराव करा की, कोण अडवतंय, पण उपयोग शून्य. आपल्याकडं गावाला चार्टर नसतं, पट्टण पंचायत, पुरसभा, नगरसभा सगळ्यांना एकच 1964 चा कर्नाटक म्युनिसिपालिटी कायदा, बदलायचा तर बेंगळूरला विधानसभेत. त्यात अध्यक्ष मेंबरांतूनच निवडायचा, मुदत 30 महिने, आणि त्या मतदानात भागाचे आमदार-खासदार पण हात वर करतात. लहान पंचायतीत दोन्ही गट जवळपास सारखे असतील तर ती दोन मतंच निकाल फिरवतात. अध्यक्षपद कुठल्या गटाला राखीव, तेही सरकार ठरवतं.

जुना मेंबर:
कागलचं एवढं कौतुक नको. महाराष्ट्रात 2016 ला थेट केलं, 2020 ला बंद केलं, 2022 ला परत थेट, सरकार बदललं की नियम बदलला. शिवाय थेट आलेला अध्यक्ष एका पार्टीचा आणि सभागृहात दुसऱ्यांची मेजॉरिटी असली की गटाराचं टेंडर पण पास होत नाही.

आपलं दुखणं वेगळंच आहे. मी 2018 ला निवडून आलो, 31 ऑगस्टला मतदान, गुलाल उधळला आणि बसलो घरात. अध्यक्षपदाच्या आरक्षणाचा रोस्टर, म्हणजे कुठल्या गटाची पाळी कधी ती यादी, कोर्टात अडकला आणि पहिली सभा झाली थेट 2020 च्या शेवटी. दोन वर्षं बायका रिकामी घागर घेऊन दारात यायच्या, तुम्हाला निवडून दिलंय की म्हणायच्या, आणि मी चीफ ऑफिसरच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसलेलो, हातात साधी सही पण नाही. पुढं ऐका, 5 वर्षं मोजतात ती पहिल्या सभेपासून, घटनेत कलम 243 यू मध्येच तसं आहे, म्हणून 2018 चे आम्ही 2025 पर्यंत मेंबर! मधी 2023 ला पहिली अडीच वर्षं संपली तर दुसऱ्या टर्मचं आरक्षण यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला, तोवर प्रशासक. बदल मागायचाच तर निकालानंतर अमुक दिवसात पहिली सभा झालीच पाहिजे असा मागा.

टिळकवाडी:
बेळगावात काय वेगळं होतं? कॉर्पोरेशनचा कायदा वेगळा, 1976 चा, पण गत तीच. 58 वॉर्डांचं मतदान सप्टेंबर 2021 ला, महापौर निवडला फेब्रुवारी 2023 ला.

वेदगंगाकाठ:
म्हणजे आपल्या हातात काहीच नाही म्हणा की.

कोर्ट रोड:
वॉर्ड आहेत की. वॉर्डरचना बदलायची असली की आधी ड्राफ्ट निघतो, ठराविक दिवसात लेखी हरकत घेता येते. लोकसंख्या अजून 2011 चीच धरतात, त्यानंतर वाढलेली प्लॉटिंगची घरं त्या आकड्यात नाहीतच. मतदार यादीचा ड्राफ्ट पण तपासा, आमच्या गल्लीतली आठ नावं पलीकडच्या वॉर्डात निघाली होती.

जुना मेंबर:
पण तो ड्राफ्ट कन्नडात असतो भाऊ. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना तो वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येतो ती पोरं पुण्याला. हरकतीचा शेवटचा दिवस गेला की कळतं. शाळेत कन्नड शिकलेलं एक पोर सोबत घेऊन जा, अर्ज दोन प्रतीत द्या आणि पोचीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

वेदगंगाकाठ:
आत्ताच ऑफिसात जाऊन आलो. मागच्या वेळचा वॉर्डांचा नकाशा भिंतीवर आहे, पण निम्म्यावर पल्स पोलिओचं पोस्टर डकवलंय, आमचा वॉर्ड नेमका त्याच्याखाली. शिपाई म्हणाला सोमवारी या, काढून ठेवतो. भाचीला घेऊन जातो, तिला कन्नड येतं.