प्रेमकथा आणि ट्रू क्राइम ऑडिओबुक्स : निवड कशी करावी, वेग किती ठेवावा?

श्रवणी_नाशिक

मंडळी, ऑडिओबुक्समध्ये माझे आवडते प्रकार दोनच : प्रेमकथा आणि ट्रू क्राइम, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ऐकते. माझं मत असं, की प्रेमकथा बेतास बात असली तरी निवेदकाने हात दिला तर तरून जाते. गुन्ह्याच्या पुस्तकात मात्र अभ्यास कच्चा असेल, तर कितीही भारदस्त आवाज लावला तरी उपयोग नाही. उलट त्या भारदस्तपणानेच कित्येक चांगली पुस्तकं मातीत गेली आहेत. साधा पंचनामासुद्धा भुताच्या गोष्टीसारखा वाचतात आणि मागे व्हायोलिन सुरूच.

अडचणी अशा. पाच मिनिटांचा नमुना नेहमी छान वाटतो आणि तिसऱ्या तासाला तोच निवेदक नकोसा होतो. वेग १.५ ठेवला तर गुन्ह्याचं पुस्तक भराभर पुढे जातं, पण प्रेमकथा कोरडी पडते. आणि खटल्याचा भाग आला की आरोपी, साक्षीदार, वकील, रस्ते, तारखा सगळ्यांची खिचडी होते. जाणकारांनी तपशिलात सांगावं.

कानसेन

आधी नमुन्याबद्दल. तो बहुतेक वेळा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो. तिथे मजकूर वर्णनाचा, संवाद जेमतेम, निवेदकही ताजातवाना. खरी परीक्षा संवादात होते. ठरावीक वर्गणीत हवं ते ऐकू देणारं ॲप असेल तर सरळ पुस्तकाच्या मध्यावर उडी मारा आणि भांडणाचा प्रसंग सापडेपर्यंत पुढे सरका. प्रेमकथेत मध्याच्या आसपास भांडण असतंच.

ते भांडण कसं ऐकायचं, हे अभिवाचन कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं. एकट्या निवेदकाचं असेल तर बाईने नायकासाठी आवाज खर्जात ढकललाय का ते पाहा. ढकलला असेल तर दहा तास ऐकवणार नाही. चांगली निवेदिका पट्टी फारशी बदलत नाही. ती नायकाची लय बदलते, वाक्यातला जोर दुसऱ्या शब्दावर टाकते, आणि कोण बोलतंय ते आपल्याला कळतं. दोन निवेदक आळीपाळीने प्रकरणं वाचत असतील, तर नायिकेच्या प्रकरणात नायकाचे संवाद निवेदिकाच बोलते. म्हणजे एकाच माणसाचे दोन आवाज होतात, आणि ते एकमेकांच्या जवळ आहेत का हे तपासावं लागतं. तिसऱ्या प्रकारात नायकाचं प्रत्येक वाक्य पुरुष निवेदक आणि नायिकेचं प्रत्येक वाक्य स्त्री निवेदक म्हणतो. कागदावर हा सर्वांत उत्तम वाटतो. प्रत्यक्षात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड करतात आणि संपादक वाक्यं जोडतो. काम घाईचं असेल तर दोन वाक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी अगदी सारखं पडतं, एकाचा आवाज बंद खोलीतला आणि दुसऱ्याचा मोकळ्या खोलीतला येतो. एकमेकांना तोडून बोलणारी माणसं मग रांगेत उभी राहून बोलल्यासारखी वाटतात. भांडणात हे दोन मिनिटांत उघडं पडतं.

मराठी प्रेमकथेला एक फायदा आहे. 'मी गेलो' की 'मी गेले' हे क्रियापदच सांगतं, त्यामुळे प्रथमपुरुषी प्रकरण कोणाचं ते पहिल्या-दुसऱ्या वाक्यात कळतं. इंग्रजीत प्रकरणाच्या मथळ्यातलं नाव निसटलं तर मिनिटभर अंदाज घेत बसावं लागतं.

आणखी एक जागा ऐकून बघा : दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर येतात ते वाक्य. समजदार निवेदक त्याच्या आधी किंचित थांबतो, नंतर नाही. ते वाक्य बाकीच्या वेगात निघून गेलं, तर निवेदकाने संहिता आधी वाचलेली नाही असं खुशाल समजा.

ध्वनिमुद्रक

वेगाबद्दल. इंग्रजी ऑडिओबुकच्या एका तासात साधारण ९,३०० शब्द बसतात, म्हणजे मिनिटाला दीडशेच्या थोडे वर. १.५ वेगाला ते २३०च्या पुढे जातात. माहितीसाठी कान ते पेलतो. पण वेग वाढवला की शब्दांइतकीच शांतताही आखडते : दोन सेकंदांचा थांबा १.३ सेकंदांवर येतो, अर्ध्या सेकंदाचा ०.३ सेकंदांवर. प्रेमकथेतलं अर्धं काम हे थांबेच करतात, म्हणून ती कोरडी पडते. काही ॲप्समध्ये शांतता आपोआप गाळण्याची सोय असते. प्रेमकथेला ती आधी बंद करा. वेग १ असला तरीही ती नुकसान करते.

माझी शिफारस : प्रेमकथा १ ते १.१५. ट्रू क्राइमचा निवेदनाचा भाग १.२५ ते १.४, साक्षी-उलटतपासणी आली की १.१. मराठीत १.३च्या वर जाऊ नये. वेग वाढवताना सॉफ्टवेअर आवाजाचे अगदी बारीक तुकडे काढतं आणि उरलेले एकमेकांवर चढवून जोडतं. लांब स्वरांना त्याचा त्रास होत नाही. जोडाक्षरं आणि ख, भ, ठ यांचा स्फोट मात्र इतका छोटा असतो की तोच पुसला जातो. आडनावं आणि गावांची नावं नेमकी तिथे अडकतात.

ॲपमध्ये ईक्वलायझर (आवाजातला खर्जाचा किंवा वरचा भाग कमी-जास्त करायची सोय) असेल तर लोकल किंवा एसटीत १५० हर्ट्झच्या खालचा भाग ३-४ डेसिबलने कमी करा, २ ते ४ किलोहर्ट्झ २ डेसिबलने वाढवा. व्यंजनं वर येतात आणि आवाज मोठा करायची गरज उरत नाही. 'स', 'श' टोचत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्झ थोडं उतरवा. प्रेमकथेत बरेच निवेदक जवळीक दाखवायला माईकच्या अगदी जवळ येतात. त्याने खर्ज फुगतो आणि इअरफोनमध्ये गुदमरल्यासारखं होतं. तिथेही खालचा भाग कमी करणं हाच उपाय.

रेकॉर्डिंगचा दर्जा ओळखायची खूण वाक्यांच्या मधल्या जागेत असते. ऑडिबल या ऑडिओबुक ॲपसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एसीएक्स या मंचाच्या नियमांत सरासरी पातळी −२३ ते −१८ डेसिबल (० म्हणजे मावेल तेवढा मोठा आवाज), सर्वोच्च टोक −३ आणि खोलीचा आवाज −६०च्या खाली मागतात. खोली नीट नसली की काही जण वाक्यांच्या मधला आवाज सॉफ्टवेअरने कापून टाकतात. मग शब्दाबरोबर खरखर येते आणि शब्द संपला की एकदम पोकळी. तिसऱ्या तासाला वैताग येतो तो कित्येकदा निवेदकाचा नसून याचा असतो.

सत्र_न्यायालय

खिचडीचा उपाय कागद-पेन्सिल हाच आहे. छापील पुस्तकात मागे पान उलटता येतं, वंशावळ, नकाशा, फोटो असतात. ऑडिओत हे सगळं गळतं. पुस्तकासोबत पीडीएफ दिली आहे का ते आधी बघा, बरेच जण ती उघडतच नाहीत. मग एका कागदावर तीन रकाने करा : तारीख, ठिकाण, कोण. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचं घ्या. जानेवारी १९७६ मध्ये प्रकाश हेगडे, ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंब, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकरांचं घर, मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले. एकूण दहा जीव. राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना येरवड्यात फाशी झाली २७ नोव्हेंबर १९८३ रोजी. इतक्या पाच ओळी समोर असल्या, की लेखक कितीही मागे-पुढे उड्या मारो, धागा सुटत नाही. मागे जाण्याचं बटण ३० सेकंदांवर असेल तर १० किंवा १५ वर आणा. चुकलेलं नाव तेवढ्यात सापडतं.

याच प्रकरणावरून पुस्तकाची पातळीही कळते. काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे विद्वान होते. जे पुस्तक त्यांना नुसतं 'वृद्ध गृहस्थ' म्हणून मोकळं होतं आणि जक्कलच्या बालपणावर तासभर घालवतं, ते मी कुणालाही सुचवणार नाही. मारल्या गेलेल्या माणसाचं आयुष्य सांगताना निवेदकाचा आवाज बदलतो का, की सगळी मेहनत खुनाच्या रात्रीवरच केली आहे, हे लक्ष देऊन ऐका.

इंग्रजीत ऐकताना रेकॉर्डिंगची तारीखही बघा. कॅलिफोर्नियातल्या गोल्डन स्टेट किलरवरचं मिशेल मॅक्नमारांचं पुस्तक फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं आणि आरोपी त्याच वर्षी एप्रिलमध्ये पकडला गेला. मूळ मजकुरात गुन्हेगार अर्थातच अज्ञात आहे. पुस्तक सोडू नका, पण पुढचं कुठेतरी वाचून घ्या.

चौपाटी_ते_चर्चगेट

वरच्या बहुतेक गोष्टींना +१. पार्श्वसंगीताबाबत मात्र सरसकट विरोध नको. प्रकरण बदलताना पाच-सात सेकंदांचं संगीत उपयोगी असतं, विशेषतः काम करता करता ऐकणाऱ्यांना. वाक्याखाली वाजणारं संगीत नको, हे मान्य. वेग वाढवला की त्याचीही लय बिघडते आणि शब्द झाकले जातात. झोपताना ऐकणाऱ्यांनी स्लीप टायमर मिनिटांवर न ठेवता 'प्रकरण संपेपर्यंत' ठेवावा. ट्रू क्राइमची प्रकरणं लांब असतात, तेव्हा उरलेला वेळ आधी बघून घ्या.

श्रवणी_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. भांडणाच्या प्रसंगाची युक्ती फार कामाची आहे. एक विचारायचं राहिलं : दोन्ही प्रकार जिथे मिळतात असं नानावटी प्रकरण, नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या ते. त्यावरची पुस्तकं ऐकताना काय पाहावं?

सत्र_न्यायालय

तिथे प्रेमकथा आणि खटला एकाच आवाजात वाचले की घात होतो. २७ एप्रिल १९५९ ला नानावटींनी प्रेम आहुजावर केलेला गोळीबार, मग ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष' ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं, जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सगळा पेच आहे तो 'प्रक्षोभ अचानक होता का' या प्रश्नात : पत्नी सिल्व्हियाची कबुली, मग मुलांना सिनेमाला सोडणं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेणं, मग आहुजाचं घर. हे तास निवेदकाने घाई न करता, कुणाचीही बाजू न घेता वाचले पाहिजेत. सिल्व्हियाच्या साक्षीत हुंदके घालणारा निवेदक असेल तर पुढे जाऊ नका.

आणि 'हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला' असं वाक्य आलं तर सावध व्हा. त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्यूरी चालू होती; फौजदारी खटल्यांतून ती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. एवढं न तपासणाऱ्या लेखकाच्या बाकीच्या तारखाही निकालपत्राशी ताडून घ्याव्यात. सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि घटनाक्रम त्यात सुरुवातीलाच दिलेला आहे.