मदत हवी आहे: लेकीबरोबर पहिलंच कॅम्पिंग, सॅकमधून काय काढू?

पुढच्या शनिवारी मी आणि माझी सात वर्षांची लेक पहिल्यांदाच गटाबरोबर कॅम्पिंगला जातोय. दोन रात्री, तंबूत. सहा पालक, आठ मुलं. गाड्या थांबतात तिथून तळापर्यंत दोनेक किलोमीटर चालायचंय आणि आपापलं सामान आपणच उचलायचंय. तंबू, भांडी आणि शिधा गटाचा, बाकी सगळं आपलं. रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरेल असा अंदाज आहे. पाऊस सांगितलेला नाही, पण ढगांचा काय भरवसा.

काल रंगीत तालीम म्हणून सगळं जमिनीवर मांडलं. माझी ५० लिटरची सॅक गच्च भरली आणि जवळपास तेवढंच सामान खाली उरलं. लेकीने तिची सॅक स्वतःच भरली होती: कापडी ससा, गोष्टींची तीन पुस्तकं, दुर्बीण, खडे ठेवायला डबा आणि एक मोजा. एकच. दुसरा कुठे, याचं उत्तर मिळालं नाही.

मी एवढं का कोंबतोय तेही सांगतो. मध्ये सराव म्हणून आम्ही गच्चीवर तंबू लावून झोपलो होतो. रात्री दोनला "बाबा, शू." टॉर्च सॅकच्या तळाशी. हात कोपरापर्यंत घालून ती शोधली, तर सॅकमध्येच बटण दाबलं जाऊन सेल संपलेले. मग मोबाइल दातात धरून चेन शोधेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. तिची स्लीपिंग बॅग ओली, कोरडे कपडे कुठल्या पिशवीत ते आठवेना. उरलेली रात्र दोघं माझ्या बॅगेत, आणि माझी अर्धी पाठ बाहेर. तेव्हापासून प्रत्येक वस्तू उचलली की "असू दे" म्हणतो आणि आत टाकतो.

तर विचारायचंय ते असं: कपडे किती जोड पुरतात? माझी जुनी मोठ्या मापाची स्लीपिंग बॅग तिला चालेल का? आणि तिच्या पाठीवर किती वजन द्यावं? ती २२ किलोची आहे. औषधांबद्दलही सांगा, माझा डबा बुटांच्या खोक्याएवढा झालाय.

प्रतिसाद:
तीन जोड, बास. एक चालायचा, एक फक्त झोपायचा, एक राखीव. मोजे आणि आतले कपडे एक-दोन जास्त. मुलांचे कपडे मळले म्हणून बदलत बसलात तर दहा जोडही पुरणार नाहीत. भिजले तर मात्र लगेच बदला. झोपायचा जोड दिवसा बाहेरच काढायचा नाही, म्हणजे रात्री तो कोरडा मिळतोच. जीन्स घरी ठेवा. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि अंगाला गार लागते. सुती बनियनचंही तसंच, घामाने ओलं झालं की थंडीत त्रास.

प्रत्येक जोड गुंडाळून वेगळ्या पिशवीत भरा, आणि भरताना लेकीला शेजारी बसवा. तुम्ही एकट्याने भरलंत तर दोन दिवस "बाबा, माझं हे कुठंय" ऐकत बसाल. सॅकच्या आत आधी एक मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी लावा. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी आत उतरतंच.

टॉर्चचा एक सेल नेताना उलटा घाला, कितीही बटण दाबलं गेलं तरी ती लागणार नाही. तळावर पोचलात की सुलटा करा आणि टॉर्च तंबूच्या आतल्या खिशात ठेवा. हेडटॉर्च असेल तर उत्तम, दातांना आराम.

प्रतिसाद:
मोठी स्लीपिंग बॅग चालेल, पण पायाकडची रिकामी जागा तिच्या एवढ्याशा अंगाने गरम व्हायची नाही. उरलेलं टोक दोरीने बांधून टाका किंवा आत दुमडा. बॅगेवर तापमानाचे कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते) आणि लिमिट (जेमतेम निभेल ते) असे दोन आकडे असतील तर कम्फर्टचा बघा. तोही मोठ्या माणसांवर बेतलेला असतो, त्यामुळे मुलांसाठी चार-पाच अंश हाताशी ठेवून धरा.

आणि कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली अंथरायची फोमची चटई, काढू नका! वजन कमी करताना सगळे आधी तिच्यावरच उठतात. बॅगेचा अंगाखालचा भाग दबून चपटा होतो, त्यात हवा उरत नाही, आणि जमीन खालून गारठवते. काढायचीच तर उशी काढा, जॅकेट गुंडाळून होते. राखीव जोड तिच्या उशाशी ठेवा. दोन वाजता शोधायला लागणार नाही.

प्रतिसाद:
वजन तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं धरा, म्हणजे दोन किलोच्या जरा वर. पाण्याची बाटली, विंडचीटर, थोडा खाऊ, शिट्टी, ससा. तरी अर्ध्या वाटेत ती सॅक तुमच्याकडेच येणार, तेव्हा अडकवायला जागा ठेवा. शिट्टी गळ्यात घालून एकच गोष्ट घटवून घ्या: चुकलीस तर आहेस तिथेच थांबायचं आणि तीनदा वाजवायची.

औषधांसाठी आधी गटात विचारा, नाहीतर सहा घरांतून सहा सारखेच डबे येतील. तिची नेहमीची औषधं, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं तापाचं औषध मापाच्या टोपणासकट, ओआरएस, पट्ट्या आणि काटा काढायला चिमटा. डासांचं मलम तुम्ही लावा, तिच्या हातांच्या पंजांना नको. हात डोळ्यांत-तोंडात जातात. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर गटातल्या दुसऱ्या एका पालकाला सांगून ठेवा.

पुस्तकं मात्र सगळी काढू नका हो. एक राहू दे.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज पुन्हा भरली. जीन्स, उशी, चार टी-शर्ट आणि एक पूर्ण टॉवेल बाहेर. कॅरीमॅट बाहेरून बांधली. लेकीची सॅक काट्यावर २.३ किलो भरली, कारण तीन पुस्तकांतलं तिने नेमकं सर्वांत जाड निवडलं. दुर्बीण माझ्याकडे आली.

मोज्याचाही उलगडा झाला. ती सशाची स्लीपिंग बॅग आहे. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला, तर आता त्याच्याही पायाकडचं टोक दोरीने बांधून हवंय.