शब्दचर्चा: मंडळी ‘लावतात’, ‘स्थापतात’ की ‘उभी राहते’? आणि ‘शिष्य करणे’ म्हणजे कुणाचा?

प्रश्न

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, सात-आठ कुटुंबे शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेली आहेत. रविवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी उपासना होते. या कामासाठी एक लहान पुस्तिका मराठीत करायला मला सांगितले आहे आणि मी पहिल्याच ओळीत अडलो आहे. ‘चर्च प्लांटिंग’ला, म्हणजे नव्या ठिकाणी नवी मंडळी सुरू करण्याला, काय लिहावे? सभांमधून ‘मंडळी रोपण’ ऐकू येते, पण माझ्या आईला ते वाचून दाखवले तर तिला वृक्षारोपणाचा कार्यक्रम आठवला. ‘मंडळी स्थापना’ लिहिले की ट्रस्टची नोंदणी डोळ्यांसमोर येते. दुसरा अडलेला शब्द ‘शिष्यत्व’. तो कळतो सगळ्यांना, बोलत मात्र कुणीच नाही.

प्रतिसाद

आधी ‘मंडळी’बद्दल, कारण तो शब्द आपल्या हाती फार चांगला लागलेला आहे. ‘घरची मंडळी’, ‘मंडळी जेवायला बसली’, ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’: मराठीत मंडळी म्हणजे नेहमी माणसेच. विटा-चुन्याला आपण मंडळी म्हणत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ तसाच आहे. ‘बाहेर बोलावणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला आणि अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला तो वापरत. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसातल्या गोंधळाच्या जमावालाही हाच ग्रीक शब्द आहे. म्हणजे मुळात तो धार्मिक नव्हताच, बाजारात चालणारा शब्द होता. ‘चर्च’चे कूळ वेगळे: ग्रीक ‘कुरिआकोन’, म्हणजे ‘प्रभूचे’. तिथून तो हळूहळू वास्तूला चिकटला.

म्हणून तुमच्या वसाहतीत इमारत नाही, तरी मंडळी आहे. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे. ‘घरात जमणारी मंडळी’ हे मराठीत इतके सहज वाटते की त्यावर तळटीप द्यावी लागत नाही. ‘घरातले चर्च’ म्हटले की लगेच समजावून सांगावे लागते.

प्रतिसाद

गोव्याकडून एक भर. आमच्याकडे वास्तूला ‘इगर्ज’ म्हणतात, पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून. आणि तो पोर्तुगीज शब्द आला एक्लेसियावरूनच! माणसांचा शब्द प्रवास करत करत शेवटी भिंतींचा झाला. मराठी ख्रिस्ती माणूस ‘देवळात जातो’ म्हणतो तेव्हा तो वास्तूबद्दल बोलतो आणि ‘मंडळीत आहे’ म्हणतो तेव्हा माणसांबद्दल. ही दोन खाती मराठीने वेगळी ठेवली आहेत, ती पुस्तिकेत एक करू नका, एवढी विनंती.

प्रतिसाद

‘रोपण’ला मीही नाखूश आहे, पण त्यामागची प्रतिमा सोडू नका. ती पौलाचीच आहे. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ३: मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढवणारा देव. तिथे साधे ‘लावले’ आहे, रोपण नाही.

मी कोकणातला, भातशेतीतला. आमच्याकडे पेरणी वेगळी आणि लावणी वेगळी. आधी तरवा, म्हणजे भाताची रोपे, तयार होतो, मग तो उपटून, मुठी बांधून दुसऱ्या वाफ्यात चिखलात लावायचा. दोन दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते, मग मूळ धरते. तुमची सात-आठ कुटुंबे म्हणजे नेमका हा तरवा आहे. जुन्या मंडळीतून उपटली गेली, तेव्हा दोन्हीकडे दुखले असणार. फिलिप्पै गावात मात्र काम पेरणीसारखे झाले: पौलाने आधी कुणी माणसे नेऊन बसवली नव्हती, नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांशी तो बोलला, जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियाने विश्वास ठेवला आणि तिचेच घर जमण्याची जागा झाले. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द चालतो. मराठीत पेरणी आणि लावणी असे दोन हाताशी आहेत, ते वापरा.

‘स्थापना’ मी फक्त तारखेपुरती ठेवीन. मत्तय १६:१८ मध्ये ‘मी आपली मंडळी रचीन’ असे प्रभू स्वतः म्हणतो. रचणारा तो असेल तर आपण ‘आम्ही मंडळी स्थापली’ म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. जुनी माणसे ‘अमक्या गावी मंडळी उभी राहिली’ असे म्हणत. त्यात कर्ता मिरवत नाही. मला तेच क्रियापद सर्वांत खरे वाटते.

प्रतिसाद

आता शिष्य. संस्कृत ‘शास्’ धातूपासून: ज्याला शिकवायचे, वळण लावायचे तो. शास्त्र, शासन ही त्याची भावंडे. (‘शिस्त’ मात्र त्या घरातली नाही. ती फारसीतून आली, बंदुकीचा नेम धरणे या अर्थाने.) ग्रीक ‘मथेतेस’ शिकण्यावरून आलेला आहे, म्हणजे तिथे शिकणाऱ्याकडून पाहिले आहे आणि संस्कृतात शिकवणाऱ्याकडून.

खरी अडचण क्रियापदात आहे. मराठीत ‘गुरू करतात’. शिष्य शोधत जातो आणि गुरू करतो. ‘शिष्य करणे’ म्हटले की कानाला ऐकू येते ‘स्वतःचा शिष्य करून घेणे’. मत्तय २८:१९ मधले ‘सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा’ असे वाचून नवा माणूस विचारतोच: कुणाचा? म्हणून पुस्तिकेत दर वेळी ‘ख्रिस्ताचे शिष्य’ लिहा, एकदाही नुसते ‘शिष्य’ नको. नव्या मंडळ्या एका माणसाभोवती फिरू लागतात, त्याची सुरुवात या गाळलेल्या षष्ठीतून होते असे मी पाहिले आहे. मत्तय २३ मध्ये तर स्वतःला गुरुजी म्हणवून घ्यायलाच मनाई आहे: गुरू एक, तुम्ही सगळे भाऊ भाऊ.

त्याच वचनातले ‘जाऊन’ फार नेमके आहे. ग्रीकमध्ये मुख्य आज्ञा ‘शिष्य करा’ हीच, जाणे हे धातुसाधित. आपल्या ‘ऊन’ प्रत्ययाने ते जसेच्या तसे उतरले.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य धरले होते. ‘ख्रिस्ती’ आणि ‘शिष्य’ या शब्दांच्या कडा जुळतात की नाही, हा प्रश्न त्यांनी कृतीने विचारला. १९१९ मध्ये ते गेले. प्रेषितांची कृत्ये ११:२६ पाहा, अंत्युखियात ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांनाच मिळाले. शिष्य हे नाव आधीचे.

‘शिष्यत्व’ऐवजी ‘शिष्यपण’ लिहून पाहा. मोठेपण, बालपण यांसारखे ते अंगात मुरणारे वाटते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिली ओळ अशी केली आहे: ‘ख्रिस्ताचे शिष्य एका घरी जमू लागले, म्हणजे तिथे मंडळी उभी राहू लागली.’ आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘हे आपलं वाटतंय.’ शिष्यपणही तिला आवडले, पाळकसाहेबांना अजून विचारायचे आहे.

एकच उरले. अनेकवचन ‘मंडळ्या’ लिहू ना? बोलण्यात ते येत नाही, पण गलतीकरांच्या पत्रात ‘मंडळ्यांस’ आहे.

प्रतिसाद

लिहा. आपल्या लोकांच्या कानांना तो शब्द त्या पत्रामुळेच सवयीचा आहे.