लाइट गेली आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अर्धवट राहिला, आता काय करू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. घरचा पीसी आहे, आठव्या जनरेशनचा आय ५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. गावातल्या सप्ताहाचे व्हिडिओ मी दाविंची रिझॉल्व्हमधे एडिट करते. काल संध्याकाळी कार्डाच्या ड्रायव्हरच्या (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) अपडेटचं विचारलं, मी होय म्हटलं, स्क्रीन एकदोनदा काळी झाली (ते नेहमी होतंच) आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली, यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली. परत चालू केला तर सगळं मोठ्ठं दिसतंय, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना, डिव्हाइस मॅनेजरमधे कार्डाचं नावच नाही, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर असं काहीतरी आलंय. काल्याचं कीर्तन रविवारपर्यंत द्यायचंय, चार कॅमेऱ्यांचं फुटेज पडलंय. कार्ड गेलं का? आणि हे अपडेट दरवेळी करायलाच लागतं का?

जुना_कॅबिनेट:
ताई घाबरू नका, कार्ड गेलेलं नाही. खरा ड्रायव्हर सापडला नाही की विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर लावून निदान चित्र तरी दाखवतं, तेच ते बेसिक डिस्प्ले. अर्धवट राहिलेल्या फायली साफ करून परत टाकायचा एवढंच. आधी नेट चालू असतानाच दोन गोष्टी उतरवून घ्या, एनव्हिडिया या कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आणि डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्रॅम. मग लॅनची वायर काढा, वायफाय असेल तर बंद. हे विसरू नका, कारण नेट चालू राहिलं तर तुम्ही साफ करेपर्यंत विंडोज मधेच आपला ड्रायव्हर आणून बसवतं. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ दाबा, सेफ मोड येईल, म्हणजे कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. तिथे डीडीयू चालवून क्लीन अँड रीस्टार्ट. नंतर ड्रायव्हर टाकताना कस्टम निवडा आणि क्लीन इन्स्टॉलेशनवर टिक करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, सेफ मोडला जाताना मागू शकतं.

रेंडर_रात्रपाळी:
काकांचं बरोबर आहे पण माझ्या मते डीडीयू नंतरचा उपाय. आधी तोच इन्स्टॉलर परत चालवून बघ, क्लीनवर टिक करून, बरेचदा तेवढ्यानेच होतं आणि सेफ मोडची भानगड टळते. नाही झालं तर डीडीयू आहेच.

आता दुसरा प्रश्न, कारण खरा तो महत्त्वाचा. तुझं कार्ड पास्कल पिढीचं, २०१६ चं. या पिढीचे नेहमीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट. म्हणजे नवीन टाकून स्पीड वाढेल अशी आशा धरू नकोस, पण सुरक्षेचा अपडेट चुकवू पण नकोस, फक्त तो काम हातात नसताना टाक, डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी कधीच नाही. आणि रिझॉल्व्ह अपडेट करायच्या आधी त्याला कमीतकमी कुठला ड्रायव्हर लागतो ते बघ, नाहीतर सॉफ्टवेअर पुढे जाईल आणि कार्ड मागे राहील.

मी काय करते, जो ड्रायव्हर नीट चालला त्याचा इन्स्टॉलर डी ड्राइव्हवर ठेवते, फोल्डरला नंबर देते. नंबर कसा ओळखायचा तर डिव्हाइस मॅनेजरमधे ३२.०.१५.८०९७ असं लांबलचक दिसतं ना, त्यातले शेवटचे पाच आकडे घे, ५८०९७, म्हणजे ५८०.९७. हे कळेपर्यंत मला किती दिवस वाटायचं की चुकीचाच ड्रायव्हर बसलाय.

नवखा_विदर्भ:
लॅपटॉपला पण हेच का? माझ्याकडे इंटेल आणि वेगळं कार्ड दोन्ही आहे.

जुना_कॅबिनेट:
लॅपटॉपला आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरचा ड्रायव्हर बघायचा, दोन कार्डांची अदलाबदल त्यांनी जुळवलेली असते. आणि कोणीही असा, सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, मी असली तीन मशीन साफ करून दिलीयत. मधेच स्क्रीन काळी राहिली तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, बीप वाजून ड्रायव्हर रीस्टार्ट होतो, चालू काम सहसा जात नाही. अपडेटनंतर बिघडलं तर डिव्हाइस मॅनेजरमधे रोल बॅक (आधीच्या ड्रायव्हरवर परत जायचं बटण) आहे, पण ते बटण फिकट दिसलं तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही, तेव्हा वर सांगितलेलं डी ड्राइव्हचं फोल्डरच उपयोगी पडतं.

कृष्णाकाठ:
झालं! आधी नुसता इन्स्टॉलर चालवला तर निम्म्यात फेल झाला, मग वायर काढून डीडीयू केलं, सगळं मिळून पाऊण तास. १९२० बाय १०८० परत आलं, रिझॉल्व्ह उघडलं, चारही कॅमेरे टाइमलाइनवर लावलेत आणि काल्याचा पहिला अभंग एक्स्पोर्टला टाकलाय. खूप खूप आभार काका आणि ताई, काल रात्री रडायचीच बाकी होते. इन्स्टॉलर डी ड्राइव्हवर ५८०.९७ नावाने ठेवलाय. यूपीएस उघडून बघितला, बॅटरीवर १२ व्होल्ट ७ एएच लिहिलंय, उद्या सकाळी सांगलीला जाऊन घेऊन येते.