टाळू कुठली? दाढ कुठली?

मुक्काम_ओपीडी : बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाची, इंटर्नशिप चालू आहे. शिकलो सगळं इंग्रजीत, पेशंट मात्र मराठीत बोलतात. काल एक आजी म्हणाल्या, "नातवाची टाळू अजून भरली नाही." हात बाळाच्या डोक्यावर, आणि माझी सहकारी बाळाचं तोंड उघडून बघतेय! टाळू नेमकी कुठली धरायची?

ळ_चा_पाय : दोन्ही. बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा ती टाळू. तेल घालून भरतात ती हीच, आणि मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात तेही इथलंच. तोंडातली टाळू म्हणजे संस्कृत तालू, तालव्य वर्णांतली. गंमत म्हणजे ट-ठ-ड-ढ मूर्धन्य. मूर्धा म्हणजे एरवी डोकं, आणि व्याकरणात तोंडाच्या छताचा भाग. तेव्हा हा घोळ आजींनी घातलेला नाही.

दंतवैद्य_निवृत्त : व्याकरण ठीक, पण पेशंटला सरळ विचारा, "डोक्यावरची की तोंडातली?" डोक्यावरची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. उशीर वाटला तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा, ते आपलं काम नाही. तोंडातली पुढे हाडाची, मागे मऊ, स्नायूंची. तिच्या टोकाला लोंबते ती पडजीभ. टाळू दुभंगलेलं मूल मात्र आपल्याकडेही येणार.

माझ्या मते टाळूपेक्षा 'दाढ' जास्त नुकसान करते.

मुक्काम_ओपीडी : ते कसं? मोलर म्हणजे दाढ, प्रीमोलर म्हणजे उपदाढ, एवढं तर शाळेच्या पुस्तकातही होतं.

दंतवैद्य_निवृत्त : पुस्तकात. मला तरी 'उपदाढ दुखते' म्हणणारा पेशंट भेटलेला नाही. सुळ्याच्या मागे जे काही आहे ते सगळं दाढ. मोठ्यांच्या बाबतीत चालून जातं, बोट लावून दाखवतात. मुलांच्या बाबतीत नाही. दुधाचे दात 20, त्यांत उपदाढ एकही नाही. दुधाच्या 8 दाढा पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. कायमची पहिली दाढ येते त्यांच्याही मागे, साधारण सहाव्या वर्षी, एकही दात न पाडता. काही पडलं नाही म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो. मग ती किडते आणि आई म्हणते, "दुधाचीच आहे ना, पडेल." ती पडून दुसरी येणार नसते! म्हणून मी 'पहिली दाढ' म्हणतच नाही, 'सहाव्या वर्षाची दाढ' म्हणतो. लगेच कळतं. केसपेपरवर मात्र आकडाच लिहा : 16, 26, 36, 46 (पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो, 6 म्हणजे मधोमधून सहावा दात).

ळ_चा_पाय : हे नाव आवडलं. अक्कलदाढेलाही वयावरूनच नाव पडलंय की.

सुताराची_सून : पुढच्या दातांना पटाशीचे का म्हणतात ते आमच्या घरी विचारा. पटाशीची धार बघितली की उत्तर मिळतं. पण एक सांगा, वरचा सुळा काढला की नजर जाते, हे खरं का? सासूबाई ऐकतच नाहीत.

मुक्काम_ओपीडी : हे मला येतं! नाही. वरच्या दातांची संवेदना पाचव्या मेंदू-मज्जातंतूच्या वरच्या जबड्याकडे जाणाऱ्या शाखेतून जाते. दृष्टीची नस दुसरी, पूर्ण वेगळी. सुळ्याचं मूळ लांब असतं आणि तिथे पू झाला तर डोळ्याखाली सूज चढते, त्यावरून लोकांनी ताडलं असावं. तशी सूज असेल तर सासूबाईंना उद्याच घेऊन या, थांबू नका.